फुल फ्रेमवरून (३६ × २४ मिमी सेन्सर) डिजिटल मीडियम फॉरमॅटवर (त्याहून मोठा सेन्सर) जायचंय. पोर्ट्रेटसाठी फुजीफिल्म जीएफएक्स घ्यावा की हॅसलब्लाडची एक्स सिस्टीम?

बॉडीचं नंतर बघू. आधी सांगा, फ्लॅश घेऊन उन्हात उतरता का?

मी उतरायचो. माझा भागीदार म्हणायचा, मेगापिक्सेल बघ, ऑटोफोकस बघ, लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं शटर) हे जुन्या लोकांचं खूळ आहे. पैसे दोघांचे, आवाज त्याचा मोठा. घेतला फोकल-प्लेन शटरवाला, म्हणजे सेन्सरसमोर पडद्याचं शटर असलेला कॅमेरा. पहिलंच मोठं काम कारखान्याच्या गच्चीवर, भर दुपारी बाराला, कामगारांचे पोर्ट्रेट. आयएसओ १००, सिंक (फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड) १/१२५ सेकंद. त्या उन्हात एफ १६ शिवाय, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्याशिवाय, गत्यंतर नाही. मागची टाकी, तिचा गंज, पाइपाला मारलेली सुतळीची गाठ, सगळं चेहऱ्याइतकंच शार्प. शिवाय एफ १६ ला डोळ्यांखालची सावली भरायची म्हणजे फ्लॅश फुल पॉवरवर. एक फोटो काढला की रिसायकलची, म्हणजे फ्लॅश पुन्हा चार्ज होण्याची, वाट बघत उभं राहायचं. समोरचे वेल्डर काका घाम पुसत विचारतात, "झालं का?" कुठलं होतंय! थोड्या वेळाने फ्लॅशने तापून मान टाकली.

भागीदार आजही म्हणतो, तुझा फ्लॅशच लेचापेचा. अरे, गणित कर. लीफ शटरवर १/१००० ला सिंक मिळाला असता तर एफ ५.६ ला भागलं असतं. तीन स्टॉप, दर स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट. तोच फ्लॅश एक अष्टमांश पॉवरवर. वर म्हणे एनडी (उजेड कापणारा गडद फिल्टर) लावायचास. मागचं धूसर झालं असतं, कबूल, पण एनडी फ्लॅशचा उजेडही तेवढाच खातो.

तर हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्येच शटर असतं. २०१६ चा एक्स१डी १/२००० पर्यंत सिंक द्यायचा, २०२२ चा एक्स२डी नव्या लेन्सवर १/४००० देतो. लेन्स बदलता येणाऱ्या जीएफएक्सचा १/१२५, पेंटॅक्स ६४५झेडचाही तेवढाच. सेन्सर मात्र या सगळ्यांचा साधारण ४४ × ३३ मिमीचाच, त्यामुळे जीएफएक्स १०० की एक्स२डी यात मेगापिक्सेलवरून डोकेफोड करू नका. आणि तो 'मीडियम फॉरमॅट लुक'! जीएफएक्सची ८० मिमी एफ १.७ फुल फ्रेमच्या हिशेबात ६३ मिमी एफ १.३ च्या आसपास पडते. नुसत्या धूसर बॅकग्राउंडसाठी जात असाल तर तुमची ८५ मिमी एफ १.२ काय वाईट आहे?

हाय-स्पीड सिंक (सिंकपेक्षा वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) असतो, माहीत आहे. फ्लॅशची ताकद तिथेही जातेच. पळती मुलं टिपायची असतील तर मात्र जीएफएक्स १०० मालिकाच बघा, एक्स१डीच्या ऑटोफोकसवर विसंबू नका. आणि उन्हात फ्लॅश लावतच नसाल तर वरचं निम्मं सोडून द्या. भागीदार हल्ली स्टुडिओबाहेर पडत नाही. आत १/१२५ पुरतो.