व्यालेल्या गाईला शक्तीसाठी साखर पाजावी का?

प्रश्न : गाय व्याल्यावर दूध भरपूर देते, पण खुराक तोंडात घेत नाही, झपाट्याने वाळते आणि तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. साखर, तेल किंवा जादा पेंड द्यावी का?

उत्तर : ही लक्षणे कीटोसिसची, म्हणजे चरबी अर्धवट जळून रक्तात कीटोन नावाची द्रव्ये साठण्याच्या आजाराची, असण्याची शक्यता अधिक आहे, आणि तिन्ही उपाय वाटतात तितके सरळ नाहीत. पेशी पिष्ट, मेद आणि प्रथिने या तिघांपासूनही एटीपी हे ऊर्जाद्रव्य तयार करू शकतात. मात्र एकाची जागा दुसरा पूर्णपणे भरून काढत नाही. तांबड्या रक्तपेशींना ग्लुकोजच लागते आणि कासेत दुग्धशर्कराही त्यापासूनच बनते. एक लिटर दुधामागे सुमारे ७० ग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या गाईला दुधापुरतेच जवळपास १.४ किलो ग्लुकोज रोज हवे.

पाजलेली साखर मात्र थेट रक्तात जात नाही. कोठीपोटातील (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील) जिवाणू तिच्यापासून अॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले बनवतात, आणि यांपैकी मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासूनच यकृत ग्लुकोज घडवते. साखर एकदम जास्त झाल्यास उलट पोटात आम्लता वाढते. तेलाचे प्रमाण वाढले तर चाऱ्यातील तंतूंचे पचन मंदावते. जादा पेंडीतील नत्र अमोनियारूपात यकृतात जाऊन युरिया बनते आणि त्यातही ऊर्जा खर्ची पडते.

खाणे अपुरे पडले की गाय अंगची चरबी वितळवते. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी, म्हणजे पिष्टाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते. तरीही ती यकृतात पूर्ण जाळण्यासाठी पेशीतील ऑक्झॅलोअॅसिटेट हे द्रव्य लागते, आणि तेच ग्लुकोज बनवण्यात खर्च होत असते. अर्धवट जळालेल्या चरबीपासून कीटोन तयार होतात. स्नायू व हृदय ते इंधन म्हणून वापरतात, पण साठले की भूक आणखी मरते. श्वासातील वास अॅसिटोनचा असतो.

म्हणून प्रथम पशुवैद्यकाकडून रक्तातील किंवा लघवीतील कीटोन तपासून घ्यावेत. निदान झाल्यास शिरेतून ग्लुकोज आणि तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल (यकृत ज्यापासून ग्लुकोज बनवू शकते असा द्रव), साधारणतः रोज ३०० मिलिलिटर, काही दिवस देतात. ते पाजताना ठसका लागून फुप्फुसात जाणार नाही, याची काळजी घ्यावी. पुढच्या वेतासाठी भाकड काळात गाय अति लठ्ठ होऊ देऊ नये आणि विण्याच्या साधारण तीन आठवडे आधीपासून खुराक हळूहळू वाढवावा.