पैसे काढण्यासाठी पैसे? एफडीला हात लावू नका

चिंचवडच्या एका वाचकाने विचारलंय: एका क्रिप्टो कसिनोत त्यांनी ३०० यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) भरले, साइटने तेवढाच बोनस दिला, आणि आता खात्यात २,८०० यूएसडीटी दिसतात. विड्रॉवल टाकल्यावर साइटने आधार, पॅन आणि सेल्फी मागितला. वर १० टक्के ‘टॅक्स’ आधी भरा म्हणे. त्यासाठी एफडी मोडू का?

नाही. तुमचे २,८०० खरोखर त्यांच्याकडे असते, तर २८० त्यातूनच वळते करता आले असते. बाहेरून नवे पैसे मागतात, याचा अर्थ तो आकडा फक्त स्क्रीनवर आहे असं धरून चला. हा टॅक्स भरलात की पुढे ‘व्हेरिफिकेशन फी’ येते, मग ‘वॉलेट अनलॉक’. आपल्याकडे ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो हे खरं. पण तो आपल्या पॅनवर आयकर खात्यात जमा होतो, कसिनोच्या वॉलेटमध्ये नाही.

केवायसीचं थोडं वेगळं आहे. लायसन्स असलेल्या साइटही पैसे काढताना ओळख तपासतात, त्यामुळे नुसत्या त्या मागणीवरून कुणाला लबाड म्हणता येत नाही. पण भरताना नावही न विचारणारा जिंकल्यावर सेल्फी मागतो, तेव्हा मला त्यात तपासणीपेक्षा अडवणूक जास्त दिसते. साइटच्या तळाशी कुरासाओ या कॅरिबियन बेटाच्या जुगार परवान्याचा शिक्का असेल. तिथे पूर्वी मोजके मुख्य परवानाधारक इतरांना पोटपरवाने वाटत. डिसेंबर २०२४ पासून ती पद्धत बदलणारा नवा कायदा आहे. शिक्क्यावर क्लिक करून समाधान मानू नका, नियामकाच्या स्वतःच्या यादीत साइटचा पत्ता शोधा. सापडला नाही तर एकही कागद देऊ नका. दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि आपल्या नावावर नवं कर्ज निघालंय का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये बघत राहा.

‘प्रूव्हेबली फेअर आहे’ असं तुम्ही लिहिलंय. त्यात साइट डाव सुरू होण्याआधी आपल्या गुप्त सीडचा, म्हणजे निकाल ठरवणाऱ्या आकड्याचा, हॅश (त्यावरून काढलेला सांकेतिक ठसा) दाखवते, नंतर सीड उघड करते. जुळवून पाहिलं की निकाल मध्येच फिरवला नाही हे कळतं. इतकंच. जिंकलेले पैसे हातात देण्याची हमी त्यात कुठेच नाही.

बोनसच्या अटी वाचल्यात का? भरणा अधिक बोनस यावर ४० पट वेजरिंग, म्हणजे पैसे काढण्याआधी तेवढ्या रकमेचे डाव लावणं, ही नेहमीची अट. तुमच्या बाबतीत ६०० गुणिले ४०, तब्बल २४,००० यूएसडीटीचे डाव. स्लॉटमध्ये कसिनोचा वाटा ४ टक्के धरला तर सरासरी ९६० जातात, तेही ३०० च्या बोनसपायी! शिवाय बोनस चालू असताना एका डावाला कमाल मर्यादा असते; ती एकदा ओलांडली की जिंकलेली सगळी रक्कम रद्द करायची सोय त्यांनी ठेवलेली असते.

दाद कुठे मागायची? संसदेने २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे तक्रार करायला घाबरू नका. पण परदेशी साइटकडून वसुली होईल या भरवशावर राहू नका. ३०० गेले असं हिशोबात लिहून टाका. चुकून पैसे आलेच, तर पीटूपीवर, म्हणजे थेट माणसामाणसांतल्या व्यवहारात, अनोळखी माणसाला यूएसडीटी विकू नका. त्याच्याकडून आलेली रक्कम फसवणुकीची निघाली तर तुमचंच बँक खातं गोठतं. एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजवर विका, तिथे १ टक्का टीडीएस कापला जाईल.

आज चॅटचे स्क्रीनशॉट, वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) जपून ठेवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. यानंतर टेलिग्रामवर ‘अडकलेले पैसे काढून देतो’ म्हणणारे गाठतील. तेही आधी फी मागतील. उत्तर न देता ब्लॉक करा.