विचारा, सांगतो : फिशटँकच्या काचेला तडा गेलाय, घरीच होईल का?

प्रश्न (भुसावळहून एक ताई): आमच्याकडे 2 फुटाची काचेची टाकी आहे, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच, त्यात गोल्डफिश आहेत. समोरच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून वर तिरपा असा बोटभर तडा गेलाय आणि थेंब थेंब पाणी येतंय. टाकी टीपॉयवर होती. शेजारचे म्हणतात एम-सील लावा, काचवाला म्हणतो नवीनच घ्या, मुलगा रडतोय. मासे सध्या टबात आहेत. काय करू?

उत्तर: ताई, मुलाला सांगा टाकी वाचेल. पण आधी तडा नक्की कुठं आहे ते बघायचं, सगळं त्याच्यावरच आहे. दोन काचांच्या जोडातून गळत असेल तर जुनं सिलिकॉन ब्लेडनं पूर्ण खरवडून नवीन भरायचं. समोरच्या नाहीतर बाजूच्या काचेला छोटा तडा असेल, तुमचा आहे तसा, तर आतून काचेचं ठिगळ लावता येतं. तडा निम्म्या काचेपर्यंत गेला असेल किंवा तळाच्या काचेला असेल तर मात्र घरी काही करत बसू नका, काच बदलून घ्या. तुमच्या टाकीत साधारण 55 लिटर पाणी बसतं म्हणजे 55 किलो, वाळू-दगड वेगळे, आणि हा सगळा भार तळाच्या काचेवर असतो, ती रात्रीची सुटली तर मासेही जातील आणि घरभर काचा होतील.

एम-सील नको. फेविक्विकही नको. पाणी आतून बाहेर ढकलतं, त्यामुळे बाहेरून लावलेलं काहीही आज ना उद्या सुटतंच, आणि तेच ठिगळ आतून लावलं की पाणीच त्याला काचेवर दाबून धरतं.

काचवाल्याकडून टाकीच्याच जाडीचा तुकडा कापून घ्या, तड्याच्या चारी बाजूंनी किमान 2 इंच पुढं जाईल एवढा, आणि जिकडे कोपरा आहे तिकडे थेट शेजारच्या काचेपर्यंत. कडा घासून द्यायला सांगा. सिलिकॉन अक्वेरियमचंच घ्या. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशी लागू नये म्हणून औषध घातलेलं असतं, ते माशांना विषारी. ट्यूबवर अँटी-फंगल असं काही लिहिलेलं दिसलं तर परत ठेवा, दुकानदार काही म्हणो. आपल्याला हवं ते सिलिकॉन ओलं असताना व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं, तो सुकल्यावर जातो.

टाकी पूर्ण रिकामी करून, वाळवून, तडा गेलेली काच खाली येईल अशी जाड चादरीवर आडवी झोपवा. कोपऱ्यातलं जुनं सिलिकॉन ठिगळाच्या आड येईल तेवढंच काढा, टाकी धरून ठेवणारा जोड उकरू नका. मग काच आणि तुकडा दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, साबणानं नाही, आणि पुसल्यावर बोट लावू नका, तेलकट डागावर सिलिकॉन चिकटत नाही. तुकड्यावर भरपूर सिलिकॉन पसरून एका बाजूनं हळूहळू टेकवत आणा म्हणजे हवा निघून जाते. काचेतून बघा, तड्यावर बुडबुडा दिसला तर ओलं आहे तोवरच उचलून परत बसवा. फार दाबू नका, मध्ये 1 एमएमचा थर राहिला पाहिजे. शेवटी चारी कडांना एक रेघ मारून ओल्या बोटानं गुळगुळीत करा.

आता आपल्या खान्देशासाठी खास. हे सिलिकॉन उन्हानं वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं. मे महिन्यात पारा 44-45 वर असतो, हवा कोरडी ठणठणीत, आणि लोकांना वाटतं गच्चीवर उन्हात ठेवलं की लवकर होईल. उलट उशीर लागतो. वरून कातडी धरते आणि आत ओलंच राहतं. कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा, तिथं हवेत ओल असते. ठिगळाखाली मधोमध हवा पोचतच नाही म्हणून निदान 8-10 दिवस थांबा आणि आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका.

मग टाकी ओट्यावर पेपर अंथरून ठेवा, आधी पाव, मग अर्धी, मग पूर्ण भरा, आणि भरलेली एक दिवस-रात्र राहू द्या. पेपर कोरडा राहिला तर जिंकलात.

आणि ताई, टीपॉय बदला. तडा बहुतेक त्याच्यामुळेच गेलाय, एक पाय जरी आखूड असला तरी सगळा ताण एका कोपऱ्यावर येतो. सपाट स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर अर्धा इंच थर्माकोल.

तोवर मासे टबातच बरे, पण टबाला जाळी टाका, एअर पंप चालू ठेवा आणि जुन्या फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात राहू द्या. तो नळाखाली धुऊ नका, त्यात पाणी साफ ठेवणारे जिवाणू असतात ते क्लोरीननं मरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून दुपारी टब खिडकीपासून लांब. एकदम बर्फ टाकू नका.

प्रश्न (चोपड्याहून एक वाचक): टाकीतलं पाणी रोज थोडं कमी होतं, पण खाली ओल नाही. कुठं तरी गळतंय का?

उत्तर: भाऊ, बहुतेक उडतंय. टाकीशेजारी त्याच पंख्याखाली पाण्याची बादली ठेवा आणि दोन्हींवर पेननं खूण करा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर गळती नाही, वर काचेचं झाकण टाका. टाकीच जास्त उतरली तर बाहेरून जोडांवर बॅटरी मारून बघा. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे बारीक गळतीत थेंब खाली पडायच्या आधीच सुकतो आणि जोडावर पांढरी खरखरीत रेघ राहते. ती रेघ दिसली तर टाकी लगेच अर्ध्यावर आणा, पाण्याची उंची कमी झाली की काचेवरचा दाबही कमी होतो, आणि मग निवांत दुरुस्तीला लागा.