हक्कपत्रावर बाईचं नाव

प्रश्न : आमचा गवळी धनगरांचा वाडा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलात आहे. नाचणीच्या शेतासाठी वनहक्काचा दावा करतोय. घरचे म्हणतात, नवऱ्याचं नाव पुरे. जुना कागद एकही नाही आणि कचेरीची पत्रं कानडीत येतात. काय करावं? — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, नवऱ्याचं एकट्याचं नाव पुरत नाही. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 4(4) प्रमाणे हक्कपत्र, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काचा सरकारी कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे निघतं. बाई एकटी असेल तर तिच्या नावे. 'अ' नमुन्यात, म्हणजे शेतजमिनीच्या दाव्याच्या अर्जात, जोडीदाराच्या नावाचा रकाना आहे, तो कोरा सोडू नका. अंगठा देण्याआधी अर्ज वाचून घ्या.

जंगलात राहणारा, मूळ आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज बेळगाव जिल्ह्यातही 2020 पासून अनुसूचित जमातीत आहे. गवळी धनगर मात्र कर्नाटकात त्या यादीत नाहीत. म्हणून, जमातीबाहेरच्या वननिवासींच्या अटीप्रमाणे, तुम्हाला 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, या जंगलात वस्ती दाखवावी लागते. इथेच बरेच दावे अडतात, कारण तोच तुकडा 75 वर्षं कसल्याचा पुरावा मागितला जातो. कायदा तसं म्हणत नाही. 75 वर्षांची अट वस्तीची; शेत त्या तारखेआधीपासून ताब्यात असलं की झालं.

कागद नसणं हा तुमचा दोष नव्हे. इंग्रजी अमलात आणि नंतरही जंगलं सरकारजमा करताना हे हक्क नोंदले गेले नाहीत, असं कायद्याची प्रस्तावनाच सांगते. त्यामुळे या कायद्याच्या नियमावलीतल्या नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, मात्र तो दावेदाराबाहेरच्या माणसाचा हवा. वाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना बसवा. "पूर्वापार राहतो" एवढ्यावर भागत नाही. झरा कुठला, गोठा आधी कुठे होता, कोणाला कुठे पुरलं, देव कुठे, बांध कोणी घातला, हे नावांनिशी लिहून घ्या. सोबत बांधाचे फोटो, रेशनकार्ड, वनखात्याच्या दंडाची जुनी पावती असेल तर तीही जोडा. एकाहून जास्त पुरावे लागतात.

चराई आणि पाणवठ्यांसाठी 'ब' नमुन्यात वाड्याचा सामूहिक दावा वेगळा करा. ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. सह्या सभेतच घ्या, मागाहून घरोघरी फिरून नकोत.

भाषेचं म्हणाल तर घटनेच्या कलम 350 नुसार तक्रार-अर्ज मराठीत देता येतो. सोबत कानडी प्रत जोडली तर काम अडत नाही. नकाराचं पत्र आलं तर त्याच दिवशी कानडी येणाऱ्याकडून वाचून घ्या. अपिलाला 60 दिवस असतात आणि ते निर्णयाच्या तारखेपासून धरून चला.