आधी जाळी, मग गॅस
वाचकांचे प्रश्न : एसी, हीटिंग आणि त्यांचे फिल्टर

प्रश्न : आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी तासाभरात गार करणं सोडतो. झाकण उघडलं की आतल्या कॉइलवर पांढरा बर्फ धरलेला दिसतो. मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी झालाय. मागच्या वर्षीही गॅस भरून घेतला होता. दरवर्षी भरावाच लागतो का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत गोल फिरत असतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. पण बर्फ दिसला की लगेच गॅसवर संशय घ्यायचं कारण नाही. त्याआधी झाकणामागची फिल्टरची जाळी काढून बघा.

कॉइलमधला गॅस शून्याच्या थोड्याच वरच्या तापमानाला उकळत असतो. खोलीतली गरम हवा कॉइलवरून जाते, त्याला उष्णता देते, म्हणून कॉइल शून्याच्या खाली उतरत नाही. जाळी चोंदली की हवा कमी येते आणि उष्णताही कमी मिळते. कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर जमलेलं दव गोठतं. आता बर्फच हवेची वाट अडवतो, त्यामुळे आणखी बर्फ धरतो. एवढ्यावर भागलं तर ठीक, पण पुरेशी उष्णता न मिळाल्यामुळे काही गॅस न उकळताच द्रवरूपात कॉम्प्रेसरकडे परततो. कॉम्प्रेसर वायू दाबण्यासाठी बनवलेला असतो, द्रव त्याला सोसत नाही. दहा मिनिटांत धुऊन होणाऱ्या जाळीपायी कॉम्प्रेसर जातो तो असा.

आता करायचं काय? कूलिंग बंद करून एसी नुसत्या फॅन मोडवर ठेवा. बर्फ पूर्ण वितळायला एक-दोन तासही लागतात. खाली जुना टॉवेल टाका, कारण पाणी ट्रेमध्ये मावेलच असं नाही. सुरी, पाना, स्क्रू ड्रायव्हर असलं काहीही बर्फाला लावू नका. कॉइलच्या पात्या बोटानं वाकतात, आणि मागच्या नळीला भोक पडलं तर मग गॅस खरोखरच जाईल. मेन स्विच बंद करून जाळ्या धुऊन वाळवा. जाळ्या बाहेर आहेत तोवर टॉर्चनं कॉइल नीट बघा. पात्यांमध्ये राखाडी मऊ थर दिसला तर नुसती जाळी धुऊन पुरणार नाही. तसंच हवा बाहेर येते त्या फटीतून आतल्या लांबट ब्लोअरवरही उजेड टाका. त्याच्या वळलेल्या पात्यांच्या खोबणी धुळीनं भरल्या असतील, तर पंखा फिरतो पण हवा फेकत नाही.

स्वच्छ जाळी लावून एसी पंधरा मिनिटं चालवा आणि साधा थर्मामीटर घेऊन दोनदा मोजा : एकदा वर हवा आत शिरते तिथं, एकदा खाली ती बाहेर पडते तिथं. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंश सेल्सियसचा फरक हवा. फरक मोठा आहे पण झोत मंद, तर हवा अजून कुठेतरी अडते आहे. झोत जोरात आहे पण फरक चार-पाच अंशांचाच, तर गॅसचा संशय धरायला हरकत नाही. बर्फ कुठे धरतो त्यावरूनही अंदाज येतो. गॅस कमी असेल तर तो बहुधा गॅस शिरतो त्या टोकाशी, कॉइलच्या एका भागात धरतो. हवा अडली असेल तर कॉइलभर पसरतो.

यातून गॅसच कमी निघाला, तर मेकॅनिकला आधी गळती शोधून दाखवायला सांगा. नळ्यांचे जोड साबणाच्या फेसानं तपासले की गळतीच्या जागी बुडबुडे दिसतात. गळती बंद केल्यावरच गॅस भरायचा.

प्रश्न : स्प्लिट एसीची जाळी किती दिवसांनी धुवावी? गरम पाण्यानं धुतली तर जास्त स्वच्छ होते का?

रोज काही तास चालणाऱ्या एसीची जाळी दर दोन आठवड्यांनी धुवा. घरात कुत्रा-मांजर असेल किंवा खिडकी रहदारीच्या रस्त्याकडे असेल तर आठवड्यानं. गरम पाणी नको. ४० अंशांच्या वरच्या पाण्यात प्लॅस्टिकची चौकट वाकते, मग जाळी खाचेत नीट बसत नाही आणि हवा तिला वळसा घालून जाते.

धूळ बाहेरच्या अंगाला बसलेली असते. ती त्याच अंगानं आधी मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं काढा. पाणी मात्र उलट्या अंगानं सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेनं बाहेर पडेल. पुढून नळ सोडला तर ती भोकांत घट्ट बसते. चिकट थर असेल, आणि स्वयंपाकघराजवळच्या एसीला तो असतोच, तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. सावलीत पूर्ण वाळू द्या. ओली जाळी लावली की धुळीचा चिखल होतो आणि कुबट वास सुटतो. जाळीला चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या असतील तर त्या आधी काढून ठेवा. त्यातली कार्बनची पट्टी पाण्यात घालायची नसते, मुदत संपली की बदलायची असते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ही जाळी केस, धागे आणि जाडी धूळ अडवते, बारीक धूळ तिच्या भोकांतून सहज जाते. म्हणून जाळी नेमानं धुतली तरी कॉइल आणि ब्लोअरची सर्व्हिसिंग चुकत नाही, लांबते एवढंच.

प्रश्न : आमच्या घरात हीटिंग आणि कूलिंग दोन्ही डक्टमधून चालतं. कूलिंग तीन टनांचं आहे. फिल्टर १६ × २५ × १ इंचाचा. घरात दम्याचा त्रास असल्यामुळे मर्व्ह ८ काढून मर्व्ह १३ लावला. तेव्हापासून खोल्यांत हवा कमी येते आणि हीटर मधेच बंद पडतो. आकडा जास्त तर फिल्टर चांगला, असंच ना?

आकडा चांगला आहे, पण तुमच्या चौकटीला तो झेपत नाही. मर्व्ह ही फिल्टर किती बारीक कण पकडतो ते सांगणारी, अ‍ॅश्रे या हीटिंग-कूलिंगच्या इंजिनियरांच्या संस्थेच्या ५२.२ क्रमांकाच्या मानकातली १ ते १६ ची श्रेणी आहे. मर्व्ह ८ फिल्टर ३ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निदान ७० टक्के कण पकडतो. मर्व्ह १३ त्याच आकाराचे ९० टक्के, १ ते ३ मायक्रॉनचे ८५ टक्के आणि ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के पकडतो. कॉइल आणि ब्लोअर स्वच्छ ठेवायला ८ पुरतो. १३ हा यंत्रासाठी नसतो, माणसाच्या फुप्फुसांसाठी असतो. म्हणजे तुमचा हेतू बरोबर आहे, अडचण क्षेत्रफळाची आहे.

हिशेब करून बघू. कूलिंगला एका टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. तीन टनांना १२००. तुमच्या फिल्टरचं तोंड १६ × २५, म्हणजे ४०० चौरस इंच, म्हणजेच २.७८ चौरस फूट. त्यातून १२०० घनफूट हवा जायची तर तिला मिनिटाला सुमारे ४३० फूट वेगानं घुसावं लागतं. दाट फिल्टरसाठी हा वेग ३०० फुटांच्या आत असलेला बरा, त्यासाठी ४ चौरस फूट तोंड हवं. मर्व्ह ८ नं ही तूट कशीबशी निभावून नेली होती, १३ नं उघडी पाडली.

हीटर बंद पडतो त्याचं कारणही हेच. हवा कमी झाली की हीट एक्स्चेंजर, म्हणजे बर्नरची उष्णता हवेला देणारा भाग, जास्त तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. स्विच त्याचं काम चोख करतो आहे, तो बदलू नका आणि कुणालाही बायपास करू देऊ नका. वारंवार असं तापून एक्स्चेंजरला चीर गेली, तर गॅसवर चालणाऱ्या हीटरचा धूर घरातल्या हवेत मिसळू शकतो.

आजच मर्व्ह ८ परत लावा. मग फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवायच्या मागे लागा. सर्वांत सोपी वाट म्हणजे रिटर्नच्या, म्हणजे खोल्यांतली हवा यंत्राकडे परत येते त्या बाजूला ४ इंच खोल फिल्टरची पेटी बसवून घेणं. खोल चुण्यांत कापड कितीतरी जास्त मावतं, म्हणून तोंड तेवढंच राहूनही अडथळा उतरतो. नाहीतर २० × ३० इंचाची रिटर्न ग्रिल, किंवा दुसरी रिटर्न ग्रिल. पेटी बसवणाऱ्याला मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं उपकरण, आणायला सांगा आणि यंत्राबाहेरचा एकूण स्टॅटिक दाब, म्हणजे हवा ढकलताना ब्लोअरला होणारा अडथळा, मोजून घ्या. घरगुती यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांची मर्यादा ०.५ इंच पाणी, म्हणजे सुमारे १२५ पास्कल असते. तुमच्या यंत्राचा आकडा त्याच्या पाटीवर असतो. मोजल्याशिवाय ‘हवा बरी येते की’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नव्या प्रकारच्या मोटरी अडथळा वाढला की स्वतःच जोर वाढवतात. झोत बरा वाटतो, पण वीज जास्त जाते आणि मोटर तापते.

तोवर दम्याच्या रुग्णाच्या खोलीत वेगळा हेपा प्युरिफायर लावा. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. तोच हेपा घराच्या डक्टमध्ये घालायची कल्पना कुणी सुचवली तर नको म्हणा, साध्या घरगुती ब्लोअरला तो पेलत नाही.

प्रश्न : फिल्टर काळा पडला की बदलायचा, हे बरोबर का? आणि व्हॅक्यूम करून किंवा धुऊन पुन्हा वापरता येतो का?

रंगावर जाऊ नका. फिल्टर राखाडी होणं म्हणजे तो काम करतो आहे. गंमत अशी, की थोडा भरलेला फिल्टर नव्याहून जास्त कण पकडतो. बदलायचं कारण हवा अडते हे आहे. १ इंचाचा फिल्टर एक ते तीन महिने टिकतो, ४ इंचाचा सहा ते बारा. लावतानाच पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेननं तारीख लिहा. चुण्या आत ओढल्यासारख्या वाकल्या असतील तर तारखेची वाट बघू नका.

चुण्यांचा फिल्टर धुवायचा नाही. पुष्कळ फिल्टरांच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, बारीक कण त्यावर चिकटतात. पाण्यानं तो भार जातो, पुठ्ठा फुगतो, आणि ओलसर राहिला तर बुरशी धरते. व्हॅक्यूमनं वरची धूळ निघते, आतली तशीच राहते.

प्रश्न : बरोबर मापाचा फिल्टर घेतला तरी तो चौकटीत सैल बसतो. चालेल का?

पाकिटावरचं माप ढोबळ असतं. १६ × २५ × १ लिहिलेला फिल्टर प्रत्यक्षात साधारण १५½ × २४½ × ¾ इंच भरतो. नेमकं माप चौकटीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचून घ्या. तरीही फट राहत असेल तर ज्या खाचेत फिल्टर बसतो तिच्या काठाला फोमची चिकटपट्टी लावा. जुना फिल्टर काढल्यावर चौकटीच्या कडेनं धुळीच्या रेघा दिसल्या, तर हवा फिल्टर सोडून बाजूनं जात होती असं समजा. मग मर्व्ह ८ काय आणि १३ काय, सारखेच. चौकटीवरचा बाण ब्लोअरच्या दिशेला हवा. आणि ग्रिलमध्ये एक, यंत्रापाशी दुसरा असे दोन फिल्टर लावू नका, अडथळ्यांची बेरीज होते.

प्रश्न : घरात पीओपी आणि घासकाम चालू आहे. एसी चालवला तर फिल्टर धूळ पकडेलच ना?

चालवू नका. घासलेल्या प्लास्टरची पीठासारखी धूळ जाळीतून जाते, ओल्या कॉइलवर बसते आणि तिथं लुकण होते. काम संपेपर्यंत इनडोअर युनिट प्लॅस्टिकनं झाकून चिकटपट्टी लावा, डक्टच्या ग्रिल्सही झाका. आवरून झाडलोट झाल्यावर जाळी धुवा, चुण्यांचा फिल्टर नवा घाला.

प्रश्न : बाहेरच्या युनिटमध्ये पालापाचोळा आणि धूळ जाते. त्यालाही बारीक जाळी बांधली तर?

त्याला फिल्टर मुद्दामच दिलेला नसतो. ते युनिट खोलीतली उष्णता बाहेर टाकतं, त्याला मोकळी हवा लागते. जाळी बांधली की गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज घेतो आणि भर उन्हात ट्रिप होतो. पाचोळा हातानं काढा. मेन स्विच बंद करून पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या पाइपनं पाणी सोडा, प्रेशर वॉशर नको, त्यानं पात्या आडव्या होतात. इलेक्ट्रिकचं झाकण असलेल्या बाजूला पाणी मारू नका, आणि युनिट निथळल्यावरच स्विच लावा.