पावसाचा अंदाज चांगला असूनही डोंगराच्या पायथ्याला पीक काहून सुकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वावर सातपुड्याच्या उताराला, जमीन मुरमाड, दरसाल ‘सरासरीइतका’ नाहीतर ‘जास्त’ असा अंदाज येतो अन् तरी ऑगस्टात सोयाबीन माना टाकते, मग त्या हंगामी अंदाजावर भरवसा ठेवून पेरणी ठरवायची का.

भाऊ, अंदाज खोटा नसतो, पण तो तुमच्या वावराचा नसतोच. मी अचलपूरकडचा, चार एकर उताराचं बरड, म्हणजे हलकी मुरमाड जमीन, अन् तीन एकर खाली नाल्याकाठचं काळं, म्हणून हे दोन्हीकडून भोगलेलं सांगतो.

हवामान खातं एप्रिलमध्ये जो टक्का सांगते तो आख्ख्या देशाचा, जून ते सप्टेंबर चार महिन्यांचा एकत्र. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर धरतात, त्याच्या ९६ ते १०४ टक्के पडला की ‘सामान्य’. आता देशाच्या त्या टक्क्यात तुमचं गाव कुठं शोधता? आपल्या विदर्भातच बुलडाण्याकडचा पाऊस अन् गडचिरोलीचा पाऊस यात जवळपास दुपटीचा फरक आहे. मे महिन्याच्या शेवटी दुसरा अंदाज येतो, त्याच्यासोबत रंगीत नकाशा असतो, त्यात आपला पट्टा निळा दिसला की गावातले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात की यंदा धो धो. तसं नसते ते. निळा म्हणजे जास्त पावसाची ‘शक्यता’ जास्त. काहीच माहीत नसतं तेव्हा कमी, मध्यम, जास्त या तिघांना ३३-३३ टक्के धरतात, निळ्यात तोच आकडा ४५-५० वर जातो, म्हणजे उरलेली अर्धी शक्यता अजून तशीच उभी आहे बावा.

एल निनोचंही तसंच, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापते अन् आपला पाऊस कमी होण्याचा धोका वाढते ते. १९९७ चा एल निनो लय मोठा होता, पाऊस मात्र १०२ टक्के पडला. २००९ चा त्याच्यापेक्षा लहान, पाऊस ७८ टक्क्यांवर आला. त्यामुळे टीव्हीवर एल निनो ऐकून कोणी बियाणं परत करत असेल तर थांबवा त्याला.

आता खरी गोष्ट २०२३ ची. एप्रिलचा अंदाज ९६ टक्के, शेवटी पडला साधारण ९४. कागदावर अंदाज बरोबर निघाला की नाही? पण तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. त्या साली दोन श्रावण आले अन् ऑगस्टात श्रावणसर काही दिसली नाही. माझी पेरणी जूनच्या शेवटची, म्हणजे ऐन फुलाशेंगांत पावसाचा खंड. बरडावरचं सोयाबीन बाराव्या दिवशी दुपारी पानं उलटी करून पांढुरकं दिसायला लागलं, पंधराव्या दिवशी सकाळीसुद्धा पान सरळ होईना, फुलं पिकाच्या ओळींत गळून पडलेली. खालचं काळं त्याच पावसावर, तेच बियाणं, एकाच दिवशी पेरलेलं, ते तीन आठवडे दमानं उभं राहिलं. मधात अंतर किती, तर एक धुरा अन् एक बैलगाडीची वाट. त्यादिवशी समजलं की मी इतके वर्ष आभाळाकडे पाहत होतो, पाहायचं होतं पायाखाली.

हिशोब साधा आहे. चांगली काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला कामी येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी धरते. तुमच्या-माझ्या बरडात फूटभरावर मुरूम लागते, तिथं तीस-चाळीस मिलिमीटर राहिलं तरी खूप. भर पिकात सोयाबीन दिवसाला पाचेक मिलिमीटर पिते. करा भागाकार, आठवडाभरात टाकी खाली. वरून कितीही पडो, टाकीच एवढी आहे, बाकीचं उतारानं नाल्यात अन् नाल्यातून पूर्णा नदीत. चिखलदऱ्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडते अन् तिथल्याच काही गावांत उन्हाळ्यात टँकर जाते, कारण तेच, खाली काळा पाषाण अन् वर वीतभर माती.

म्हणून हंगामी अंदाज मी कर्ज किती काढायचं अन् हलकं म्हणजे कमी दिवसांचं वाण घ्यायचं का भारी म्हणजे जास्त दिवसांचं, एवढ्यापुरता वाचतो. पेरणी त्याच्यावर नाही. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय तिफण काढायची नाही, अन् तो पाऊसही आपल्या महसूल मंडळाच्या आकड्यावर पूर्ण धरायचा नाही, पर्जन्यमापक बसवलेला असते मंडळाच्या गावात अन् डोंगराच्या कुशीत एका शेतात पडते, दुसऱ्यात नाही. सब्बलीनं हातभर खड्डा करा, वरची ओल खालच्या ओलीला भिडली का ते पाहा, मधात कोरडा थर लागला तर थांबा. मी एकदा मृगाच्या पहिल्या जोरदार पावसावर पेरलं, वर चिखल अन् खाली कोरडा भुरका, आठ दिवसांनी दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे गेले ते गेले, बायकोनं वर्षभर ऐकवलं ते वेगळं.

पेरल्यानंतर दर गुरुवारी हवामान खात्याचा पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज येते तो बघत जा, आपल्या कामाचा तोच. त्यात खंड दिसला की डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, लगेच करून घ्या, वरची भेग मोडली की ओल उडणं कमी होते. अन् पेरणीला महिना झाला की डवऱ्याच्या जानोळ्याला (पास धरणाऱ्या खुंटाला) दोरी गुंडाळून ओळींच्या मधात सऱ्या पाडा, उताराला आडव्या, उभ्या नाही. मी पहिल्यांदा पाडल्या तेव्हा शेजारचे काका हसले होते, पुढच्या साली त्यांचीच दोरी माझ्यापेक्षा जाड. सरीत थांबलेलं पाणी दोन-चार दिवस जास्त देते, अन् बरडावर दोन-चार दिवस म्हणजे पीक राहते का जाते तेवढा फरक.

हरभऱ्याचं मात्र उलटं, तिथं पुढचा अंदाज पाहायचाच नाही, जमिनीत उरलं ते पाहायचं. ऑक्टोबरात वीतभर खालची माती मुठीत दाबा, लाडू झाला अन् फेकल्यावर फुटला नाही तर पेरा, बरडावर लाडू होतच नाही म्हणून तिथं मी हरभरा सोडून दिला.

बाकी बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी, म्हणजे घटावरून पावसापाण्याचं भाकीत, आमच्याकडे अजून अर्ध्या गावाला जास्त पटते. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतं धान्य हाललं ते सांगतात. मी पण ऐकतो, चहासोबत. पेरत नाही त्याच्यावर.

तुमच्या वावरात मुरूम किती खोलीवर लागते अन् उतार कोणत्या अंगाला आहे तेवढं खाली लिहा, मग तिथं सोयाबीनच्या ओळींत तूर किती घ्यावी ते सांगतो.