युरोप-अमेरिकेत शेती अनुदानाची यादी ऑनलाइन असते म्हणे, खरं का?

तुम्ही विचारलंय की तिकडे सरकारी अनुदान कोणाला किती मिळालं हे सगळं नावानिशी ऑनलाइन दिसतं का. अर्धं खरंय. मी बरीच वर्षं या याद्या चाळतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरोपियन युनियनमध्ये थेट मदत (म्हणजे शेतकऱ्याला सरळ दिलं जाणारं अनुदान) मुख्यतः हेक्टरच्या हिशोबाने मिळते, ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त, त्यामुळे साधारण ८० टक्के थेट मदत २० टक्के लाभार्थ्यांकडे जाते. यात कोणी चोरी केलेली नाही, नियमच तसा आहे, आणि मला तेच जास्त खुपतं. ब्रिटन युनियनमध्ये होतं तेव्हा राणीच्या सँड्रिंगहॅम इस्टेटलाही हे अनुदान मिळायचं.

ही माहिती सरकारांनी आपणहून दिली असं मात्र समजू नका. डेन्मार्कमध्ये २००४ साली पत्रकारांनी माहितीचा हक्क वापरून आकडे बाहेर काढले, मग इतर देशांत पण तशी मागणी सुरू झाली आणि २००९ मध्ये सगळ्या सदस्य देशांना नावं जाहीर करणं भाग पडलं. तर पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या शेतकऱ्यांच्या केसमध्ये युरोपियन कोर्ट म्हणालं, व्यक्तींची नावं अशी सरसकट टाकता येणार नाहीत. झालं, व्यक्तींची नावं गायब, फक्त कंपन्या-संस्था उरल्या. २०१३ मध्ये नवा नियम झाला आणि २०१५ पासून नावं परत दिसायला लागली. अगदी छोट्या रकमेला, कमाल १२५० युरोपर्यंत, नाव झाकतात, ते ठीक आहे, लहान शेतकऱ्याला कशाला उघडं पाडायचं. पण माहिती दोनच वर्षं ऑनलाइन ठेवायचं बंधन आहे हे मला अजिबात पटत नाही, कारण कोणाचं अनुदान दहा वर्षांत कसं फुगलं ते कळणार कसं? मी दर वर्षी फाइल उतरवून ठेवतो, तुम्ही पण ठेवा.

अमेरिकेत एकाला जास्तीत जास्त किती अनुदान मिळू शकतं याची मर्यादा आहे, लोक तिचा दाखला देतात. २०१८ च्या फार्म बिलात, म्हणजे तिथल्या शेतीविषयक कायद्यात, ती मुख्य योजनांसाठी माणशी १ लाख २५ हजार डॉलर होती, २०२५ मध्ये ती वाढवली. माणशी हा शब्द नीट बघा, कारण शेती भागीदारीत दाखवली की प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी धरतात, आणि त्याच बिलाने कुटुंबाच्या व्याख्येत पुतणे, भाचे, चुलत-मावस भावंडं सुद्धा घातली. म्हणजे शेत एकच, पण चेक पाच-सहा जणांच्या नावाने निघू शकतात, आणि यादी वाचणाऱ्याला ते सगळे वेगवेगळे शेतकरी वाटतात.

सगळ्यात मोठं भोक पीक विम्याचं. तिथे प्रीमियमचा सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास भार सरकार उचलतं, त्याला वरची मर्यादा नाही, आणि कोणाला किती सूट मिळाली ते कायद्यानेच गोपनीय आहे. काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकूण आकडा मिळतो, नाव नाही. नुसती थेट मदतीची यादी बघून अमुक एक मोठा शेतकरी कमी घेतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

जमीन भाड्याने कसणाऱ्याचं नाव यादीत असलं तरी अनुदान वाढलं की मालक भाडं वाढवतो, म्हणजे पैशाचा काही भाग शेवटी मालकाच्या खिशात, आणि त्याचं नाव यादीत कुठेच नसतं. म्हणून मी नाव सर्च करण्याआधी गाव किंवा पिनकोडने शोधतो आणि त्या भागातली जमीन कोणाच्या मालकीची आहे ते जमिनीच्या नोंदींत बघतो, वेळखाऊ आहे, पण खरा लाभार्थी तिथेच सापडतो.